क्लासिकल गिटारच्या तारा फार उंच वाटतात, सॅडल घासू का?

रेवती_कोथरूड | ८ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. वय ४६, गिटार शिकायला लागून दीड वर्ष झालं. (क्लास मुलीसाठी लावला होता. ती सुटली, मी अडकले.) गिटार यामाहा सी-४०, सेकंड हँड घेतलेली. बाकी सगळं बरं चाललंय, पण पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एफचा बार (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायचा कॉर्ड) धरला की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि सहापैकी दोन तारा मुक्याच राहतात. आमच्या सरांची गिटार हातात घेतली तर तोच एफ लोण्यात बोट घातल्यासारखा बसतो. म्हणजे दोष निम्मा तरी माझा नसावा अशी आशा आहे.

मुलीच्या कंपासमधली पट्टी लावून बाराव्या फ्रेटवर मोजलं. जाड ई तारेखाली जवळजवळ ६ मिमी भरले. जिथे वाचावं तिथे ४ लिहिलेलं आहे. म्हणजे २ मिमी जास्त. तर ब्रिजवरची (गिटारच्या पोटावर तारा बांधायचं ते लाकूड) ती पांढरी पट्टी, सॅडल, बाहेर काढून २ मिमी घासून टाकू का? घरी पॉलिश पेपर आहे, नवरा इंजिनिअर आहे आणि दोघंही उतावीळ आहोत.

दोन_पडदे_मागे | ८ जुलै, रात्री ११:१५

थांबा! पॉलिश पेपर आज रात्रीपुरता कपाटात ठेवा.

आधी सांगा, मोजलं कुठून कुठपर्यंत? कंपासच्या पट्टीला शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते, ती धरली का? आणि खालचं टोक फिंगरबोर्डच्या लाकडावर टेकवलं की फ्रेटच्या धातूवर? उंची मोजायची ती फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या पोटापर्यंत. लाकडापासून मोजलं तर फ्रेटची उंची फुकट मिळवली जाते, साधारण एक मिमी. मोजण्याआधी गिटार नीट सुरात लावलेली हवी. तार सैल असेल तर मान कमी ओढली जाते आणि आकडा खोटा येतो.

स्टीलची पट्टी नसेल तर नवऱ्याकडचे ड्रिलचे बिट काढा. ३, ३.५, ४, ४.५ असे बिट गुळगुळीत दांड्याकडून तारेखाली सरकवायचे. तार न हलता जो जेमतेम जातो तो तुमचा आकडा. डोळ्यांवर भरवसा ठेवण्यापेक्षा हे बरं.

दुसरं म्हणजे, सॅडल २ मिमी घासून बाराव्यावर २ मिमी उतरत नाहीत, एकच उतरतो. कपडे वाळत घालायची दोरी एका टोकाला दोन वीत खाली बांधली तर मध्यावर ती एकच वीत उतरते ना, तसंच. बारावा फ्रेट बरोबर तारेच्या मध्यावर असतो. तुमच्या गिटारीची तार नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत ६५० मिमी, बारावा ३२५ वर.

झणझणीत | ८ जुलै, रात्री ११:३२

एवढा व्याप कशाला? स्टीलच्या तारा लावा. बारीक असतात, खाली बसतात, आवाजही मोठा.

पोपटी_पिक | ८ जुलै, रात्री ११:५०

@झणझणीत, कृपा करा. मी हे केलंय. इंजिनिअरिंगला असताना, हॉस्टेलवर. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ४० किलो असतो, स्टीलचा साधा संच ७० च्या वर जातो. क्लासिकलच्या पोटाची फळी पातळ, आतल्या काड्या नाजूक, ब्रिज नुसत्या गोंदावर उभा. तीन महिन्यांत ब्रिजच्या मागची फळी पुरीसारखी फुगली. तारांची उंची वाढली ती वेगळीच. आणि एका रात्री अडीचला फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. रूममेट पलंगाखाली. दिवा लावून पाहतो तर ब्रिज सहाही तारांसकट गिटारच्या मानेपाशी लोंबकळतोय, लाकडाची सालटं घेऊन.

रेवतीताई, तुमची सेकंड हँड आहे म्हणून विचारतो, आधीच्या मालकाने हा पराक्रम केला नव्हता ना? ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा छपाईचा कागद सरकतो का बघा. सरकला तर उंचीचा विषय बाजूला ठेवा, आधी ब्रिज चिकटवून घ्यावा लागेल.

रेवती_कोथरूड | ९ जुलै, सकाळी ७:०५

कागद सरकत नाही. हुश्श.

आणि हो, लाकडावरूनच मोजलं होतं. 🙈 बिट लावून पुन्हा मोजलं, नवऱ्याने व्हर्नियरने बिटही तपासले. फ्रेटच्या माथ्यापासून जाड ई ४.८, बारीक ई ४.०. सॅडल ब्रिजच्या लाकडावर ३ मिमी वर दिसतं.

दोन_पडदे_मागे | ९ जुलै, सकाळी ८:२०

बघा, एका रात्रीत एक मिमी उतरला, तोही न घासता.

क्लासिकलला रूढ आकडे जाड तारेला ४ आणि बारीकला ३. पाव-अर्धा मिमी इकडेतिकडे प्रत्येकाच्या हातावर. स्टीलवाल्यांचे आकडे वाचून घाबरू नका, ते दोनच्या आसपास असतात. नायलॉन कमी ताणाची, म्हणून झोका मोठा घेते, आणि खर्जाची सगळ्यात मोठा. तिला हालायला जागा द्यावीच लागते, नाहीतर फ्रेटवर आपटून झणझणते.

आता तुमचे ३ मिमी. त्यातले २ घासले असते तर १ उरला असता. सॅडलवरून मागे ब्रिजकडे उतरताना तार जो कोन करते, त्या कोनामुळे ती सॅडलवर दाबून बसते. कोन गेला की तार सॅडलवर नुसती पडून राहते, आवाज पिचका होतो, जोरात छेडली तर जागची हलतेसुद्धा. सॅडल घासणं हा शेवटचा उपाय समजा. आधी इतर तीन गोष्टी पाहायच्या: नट, मान आणि हवा.

मडगावचो_मास्तर | ९ जुलै, दुपारी १:१०

मी मडगावला मुलांना ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड परीक्षांसाठी क्लासिकल शिकवतो. माझं मराठी गोंयच्या वळणाचं आहे, सांभाळून घ्या.

रेवतीबाय, एफचं दुखणं बाराव्या फ्रेटवर कशाला शोधता? तुमचं बोट पहिल्यावर दुखतं. एक गंमत करा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर तोच एफचा आकार धरा. कॅपो लावल्यावर नट बाद होतो, त्याचं काम पहिला फ्रेट करतो. बार एकदम सोपा झाला तर गुन्हेगार नट. तसाच कठीण राहिला तर सॅडल, नाहीतर बोट.

दर जूनला नव्या ॲडमिशनबरोबर पाच-सहा नव्या गिटारी येतात, आणि त्यातल्या अर्ध्यांचा नट उंच असतो. कारखान्याचंही बरोबर आहे. नटच्या खाचा कमी कापल्या तर गिऱ्हाईक कुरकुरतं, जास्त कापल्या तर गिटार परत येते. पोर मात्र सहा महिने रडतं आणि आई म्हणते याला आवडच नाही.

रेवती_कोथरूड | ९ जुलै, रात्री ९:४५

मास्तर!!! कॅपो लावला आणि सहाच्या सहा तारा वाजल्या. मी दोनदा करून पाहिलं, मग नवऱ्याला बोलावून दाखवलं. त्याला फरक कळला नाही, पण टाळ्या वाजवल्या.

आता नट उंच आहे हे मोजायचं कसं?

दोन_पडदे_मागे | ९ जुलै, रात्री १०:३०

तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट उरते ते पाहा. केसभर हवी. छपाईचा कागद ०.१ मिमी असतो, तो सहज जावा. व्हिजिटिंग कार्ड साधारण ०.३, ते अडायला हवं. फट अजिबात नसेल तर मोकळी तार वाजवताना पहिल्या फ्रेटला लागेल.

गॅरेजवाल्यांकडे टॅपेट सेट करायला फीलर गेज असतं, पात्यांचा पंखाच म्हणा. ते मिळालं तर उत्तम, हार्डवेअरच्या दुकानातही मिळतं.

रेवती_कोथरूड | १० जुलै, सकाळी ६:५०

दोन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक ठेवली, आरामात गेली.

मिरजेचा_भोपळा | १० जुलै, सकाळी १०:००

गिटारमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचून राहवेना. आमच्या गल्लीत तंबोऱ्याची कामं चालतात. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेवढी कॉलर ताठ करून घेतो.) तुम्ही जी झणझण टाळायला धडपडताय तीच आणण्यासाठी आमचे कारागीर दिवसेंदिवस घोडी घासतात! तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती. तार तिच्यावरून हळूहळू सुटते, सुटता सुटता पृष्ठभागाला घासत राहते, आणि खाली सुताचा दोरा सरकवून ती जागा अचूक पकडायची. झाली जवारी. तुमच्या त्या सॅडलवरून तार एका धारेवरून सुटते, म्हणून आवाज स्वच्छ. बरोबर ना?

त्या कामातली एक शिस्त मात्र उसनी घ्या. कारागीर घासतो एकदा आणि ऐकतो दहादा. घासलेलं परत येत नाही.

दोन_पडदे_मागे | १० जुलै, सकाळी १०:४०

अगदी बरोबर. उलट आमच्याकडे सॅडलचा माथा चपटा झाला किंवा नटची खाच मागच्या बाजूला उंच राहिली की मोकळी तार सतारीसारखी बोलायला लागते. लोक त्याला उंचीचा दोष समजून सॅडल वाढवत बसतात.

रेवतीताई, नट घरी करू नका. सॅडल नुसतं खोबणीत बसवलेलं असतं, नट बहुतेक वेळा गोंदाने चिकटवलेला. शिवाय प्रत्येक खाचेची खोली वेगळी, आणि तारेच्या जाडीच्या कानशी लागतात. खाच जास्त गेली तर खाण्याचा सोडा भरून त्यावर फेविक्विकचा थेंब टाकतात, दगडासारखं घट्ट होतं, मग पुन्हा कापायचं. पण ती वेळ येऊ नये.

रेवती_कोथरूड | २१ जुलै, रात्री ९:००

पेठेतले एक काका सतारी-गिटारी दुरुस्त करतात, त्यांच्याकडे गेले. आधी एका चकचकीत दुकानात गेले होते. तिथल्या मुलाने गिटार हातातही न घेता "मॅडम, बजेट वाढवा" असं सांगितलं. काकांनी तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली, एक डोळा मिटून मानेकडून पाहिलं आणि म्हणाले, "नट बसवलाय, पण लावलेला नाही." लाकडाचा तुकडा टेकवून बारीक हातोडीने एकच टिचकी मारली, नट बाहेर. तळ घासला, परत ठेवला, तारा चढवल्या, दाबून पाहिलं, पुन्हा काढला. असं चार वेळा. शेवटी दोन खाचांवरून कानस फिरवली. ३०० रुपये घेतले आणि चहा पाजला.

आता तिसऱ्यावर दाबलं की कागद जातो, व्हिजिटिंग कार्ड अडतं. बाराव्यावर ४.५ आणि ३.७. नट साधारण ०.६ उतरला, त्याचा अर्धा बाराव्यावर दिसला. दोरीचं गणित उलट्या टोकानेही चालतं तर!

एफ वाजतो. रडका वाजतो, पण वाजतो. आता उरलेल्या अर्ध्या मिमीसाठी सॅडल घासू ना? एक मिमी घासायचं, बरोबर?

मिनेसोटाचा_मावळा | २१ जुलै, रात्री ११:२०

ताई, जुलैत घासू नका. मी याच चुकीचा मार खाल्लाय.

लाकूड ओलावा पितं आणि फुगतं. पावसाळ्यात पुण्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. गिटारची वरची फळी कडेने बांधलेली, ती फुगून जाणार कुठे? वर येते, ब्रिजला उचलते, तारा उंच होतात. कोरड्या हवेत नेमकं उलट. इकडे जानेवारीत बाहेर उणे २०, घरात हीटर, आर्द्रता २० टक्के. पहिल्या वर्षी मी ऑगस्टमध्ये हौसेने सॅडल घासून मस्त ३.५ करून घेतलं. डिसेंबरात फळी बसली आणि गिटार मिरजकरांच्या तंबोऱ्यासारखी झणझणायला लागली. फ्रेटची टोकं मानेबाहेर येऊन तळहाताला ओरखडे काढत होती. सॅडलखाली व्हिजिटिंग कार्ड घालून हिवाळा काढला. कार्डाने उंची मिळते, पण पुठ्ठा आवाज खातो. पुढे लाकडाची पातळ चीप घातली, आणि शेवटी निमूटपणे नवीन सॅडल.

४५ ते ५५ टक्के ही गिटारची सुखाची हवा. एक साधा हायग्रोमीटर घेऊन केसमध्ये ठेवा.

पोपटी_पिक | २२ जुलै, सकाळी ९:१०

+१. आणि मान राहिली. पहिल्या आणि बाराव्या फ्रेटवर एकाच वेळी तार दाबा. दोन्हींच्या मधली तार म्हणजे सरळ पट्टी. सहाव्या-सातव्यावर ०.१ ते ०.३ फट असली तर मानेचा बाक ठीक. मिमीभर दिसली तर मान वाकलेली आहे. सी-४० मध्ये ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) नाही, त्यामुळे चावी फिरवून सरळ करता येत नाही. यूट्यूबवर चावी फिरवणारे दिसतील, त्यांच्या बहुतेक गिटारी स्टीलच्या. काही क्लासिकलमध्येही असतो हल्ली, कॉर्डोबा सी-५ मध्ये आहे.

रेवती_कोथरूड | २२ जुलै, सकाळी ९:४०

फीलर गेजचं ०.२ चं पातं जातं, ०.३ चं अडतं. मान ठणठणीत. हायग्रोमीटर मागवला, केसमध्ये ८१ दाखवतोय. कपाटात ठेवून थांबते मग.

झणझणीत | २२ जुलै, सकाळी ११:००

एवढ्यात मी चार गाणी बसवली असती.

मडगावचो_मास्तर | २२ जुलै, सकाळी ११:२५

@झणझणीत, बसवा आणि इथे टाका. ब्रिज जाग्यावर आहे तोपर्यंत.

इतिहासाचा_किडा | २२ जुलै, दुपारी ३:००

थोडं अवांतर. नायलॉन ही तशी नवीच गोष्ट. टॉरेसने (१८१७–१८९२) स्पेनमध्ये आजच्या क्लासिकल गिटारचा साचा घडवला तेव्हा बारीक तारा आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागलं, तारांना मिळेना. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा केल्या, स्पॅनिश गिटारवादक सेगोवियाने त्या उचलून धरल्या, आणि चाळीसच्या दशकानंतर आतडं मागे पडलं. आतडंही हवेप्रमाणे बदलायचं. म्हणजे तेव्हाच्या वादकाला फळी आणि तार अशी दोन दुखणी होती, रेवतीताईंना एकच आहे.

रेवती_कोथरूड | २६ ऑक्टोबर, सायंकाळी ६:१५

धागा वर काढतेय. पाऊस गेला, केसमध्ये ५२. बाराव्यावर ४.२ आणि ३.४, काहीही न करता. तीन महिन्यांत फळी आपली आपण बसली आणि उंची ०.३ ने उतरली.

तीन दिवसांपूर्वी शेवटी सॅडल घासलं. ४.० आणि ३.२ हवे होते, म्हणजे ०.२ चे दुप्पट, ०.४ मिमी. ब्रिजच्या मागे पुठ्ठा ठेवला (सुटलेल्या तारेचं टोक फळीवर ओरखडा काढतं असं सरांनी बजावलं होतं), तारा सैल केल्या, सॅडल पक्कडीत कापड धरून वर ओढलं. लगेच जाड तारेच्या बाजूला मार्करने ठिपका. ते उलटं बसवलं तर सगळंच उलटं.

माथ्याला हात लावला नाही, तळच घासला. नवऱ्याने तळापासून ०.४ वर धारदार पेन्सिलने रेघ मारली. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा घरातली सगळ्यात सपाट जागा निघाली. त्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटपट्टीने ताणून लावला. पहिल्या दहा फेऱ्यांत तळ गोल व्हायला लागला, कारण हात डुलतो. मग मुलीच्या जेंगाचा एक ठोकळा कागदावर उभा ठेवला आणि सॅडल त्याला टेकवून सरकवलं. तेव्हा कुठे काटकोन राहिला. दर दहा फेऱ्यांनी व्हर्नियर. ८.९ वरून ८.५ वर यायला पाऊण तास लागला, शेवटचा ०.१ तर ४०० नंबरवर. ओट्यावर पांढरी भुकटी. सासूबाईंनी विचारलं, रांगोळी का?

खोबणीत बसवून खाली उजेड दिसतो का ते बॅटरी लावून पाहिलं. दिसत नाही. तारा चढवल्या, दोन दिवस सूर उतरत राहिला, आता स्थिर. ४.० आणि ३.२ बरोब्बर.

मिरजेचा_भोपळा | २६ ऑक्टोबर, रात्री ८:००

पाऊण तासात ०.४! आमच्या गल्लीत नोकरी पक्की.

दोन_पडदे_मागे | २६ ऑक्टोबर, रात्री ८:४०

छान. बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) जुळतो का ते ट्यूनरवर बघा. उंच तार दाबताना ताणली जाते आणि सूर चढा येतो, त्यामुळे आता पूर्वीपेक्षा जवळ आला असेल. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा जोरात वाजवून पाहा. एकाच जागी झणझण असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आलेला असतो, त्याला सॅडल जबाबदार नाही.

रेवती_कोथरूड | २६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

जाड ई पूर्वी बाराव्यावर चढी यायची, आता काटा जवळजवळ मध्यावर. झणझण कुठेच नाही. नवव्या फ्रेटवर माझ्या नखाचा आवाज येतो, तो माझाच.

रेवती_कोथरूड | १८ एप्रिल, रात्री १०:१०

मावळ्यांना कळवायचं होतं. आज दुपारी पुण्यात ३९ अंश, हायग्रोमीटरवर २८. बाराव्यावर ३.८ आणि ३.०. म्हणजे जुलैत तुम्हा सगळ्यांचं न ऐकता २ मिमी घासले असते तर आज ३.० आणि २.२ वर बसले असते. केसमध्ये ओल्या स्पंजची भोकं पाडलेली साबणाची डबी ठेवलीय. काकांकडून हाडाचं जादा सॅडल करून घेतलं, आताच्यापेक्षा ०.४ उंच. ते पाकिटात घालून वर "मार्च-एप्रिल" लिहून ठेवलंय. अजून लागलं नाही.

मिनेसोटाचा_मावळा | १८ एप्रिल, रात्री ११:५५

माझ्या पाकिटावर "जानेवारी" लिहिलंय. इकडे आजही बर्फ आहे.

मडगावचो_मास्तर | १९ एप्रिल, सकाळी ७:३०

आणि एफ?

रेवती_कोथरूड | १९ एप्रिल, सकाळी ७:४५

येतो. सरांनी आता बी मायनरचा बार दिलाय.